माझ्या दुखण्याची सुई ह्यांना

“हे इन्फेक्शन पुन्हा पुन्हा का होतं ते कळलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लहानपणी इथं कापलं होतं ना? तिथं स्कार झालाय.” स्कार म्हणजे जुन्या जखमेचा वण. मी ओढणी तोंडावर घेतली. तीस वर्षांत त्या जागेबद्दल प्रथमच कुणी मोठ्याने बोलत होते.

इथवर यायला तीन महिने लागले. महाराष्ट्र होऊन दोनचार वर्षे झाली होती. आम्ही बोहरी, मलकापुरात लोखंडी सामानाचे दुकान. मला लघवीला आग व्हायची, पण पुरुष डॉक्टरला सांगायचे कसे? ह्यांनी तोड काढली. स्वतः जाऊन सांगितले की आग आपल्यालाच होते. डॉक्टरांनी ह्यांचे पोट दाबले, सुई टोचली, तिखट बंद केले. हे लंगडत घरी आले आणि मला विचारले, आता बरे वाटते का?

पुढच्या खेपेला ह्यांचीच लघवी तपासली. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. मी मात्र तापाने फणफणले, तेव्हा बुलढाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

त्यांनी विचारले आणि मला आठवले. सात वर्षांची होते. नवा फ्रॉक, पेढा, ओळखीच्या बाईचे घर आणि ब्लेड. आमच्यात मुलींची खतना करतात, लघवीच्या जागेचा थोडा भाग कापतात; रीत म्हणून साऱ्या गप्प. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याचा फायदा काही नाही. दुखणे, इन्फेक्शन, कुणाला बाळंतपणात त्रास, आणि मनातली भीती तेवढी उरते. गोळ्यांनी आग जाईल, वण राहील.

आमच्या लेकीला, सकीनाला सातवे लागणार होते, आणि सासूबाईंनी तिचा फ्रॉक शिवायला टाकला होता.

घरी येऊन मी सासूबाईंना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, आम्ही नाही का जगलो? मी ह्यांच्याकडे पाहिले. घरात आमची गुजराती वळणाची बोली. तिच्यात ह्यांना आईपुढे ‘हो’खेरीज शब्द फुटत नाही. गिऱ्हाइकापुढे मात्र वऱ्हाडीत वाघ. त्या दिवशी हे आईशी दुकानातल्या वऱ्हाडीत बोलले.

“सकीनाले कोणी हात लावणार नाही, माँ. मले निस्ती सुई टोचली तं मी चार दिवस लंगडलो. ते तं लेकरू हाये.”

सासूबाई म्हणाल्या, मलाही तेव्हा कोणी विचारले नव्हते.

बायांनो, आग होत असेल तर आग होते असेच सांगा, आणि स्वतः जाऊन सांगा. नवरा कितीही भला असला तरी त्याला पाठवू नका.

फ्रॉक शिवून आला. तो घालून सकीना दुकानातल्या खिळ्यांच्या पेटीवर बसून पेढा खात होती. गंजाचा तांबडा डाग पडला, सासूबाई तो पुटपुटत घासत बसल्या. दुसरा कसलाच डाग त्या फ्रॉकवर पडला नाही.