बदकं घटली, किस्से वाढले

आमच्या तळ्यावरची बदकं दर हिवाळ्यात कमी होत चालली आहेत, किस्से मात्र वाढतायत. शुक्रवारी सकाळी नुसतं पाण्याकडे बघत बसलेल्या माणसांच्या बाबतीत इतकं काय घडतं, असं बायको विचारते. आता तिला काय सांगणार!

आम्ही तिघं. कुलकर्णीकाका मूळचे नाशिकचे, इथे आखातात शुऐबातल्या एका कारखान्यात इंजिनियर. हमीदभाई रत्नागिरीचे, जाळी-गळांचं दुकान चालवतात. आणि मी, काकांच्याच कारखान्यातला, अबू हलीफातला त्यांचा शेजारी. खैरानच्या वाटेवर एक तळं आहे. उत्तरेकडच्या डोंगरात अंडी घालणारी बदकं थंडीत तिथे उतरतात. काका ती वर्षानुवर्षं मोजतात आणि आकडे तिकडच्या एका संशोधक बाईंना पाठवतात. काकांचा जीव चक्रवाकावर. पूर्वी थवे यायचे, मग मोजके, गेल्या हिवाळ्यात एकच. यंदा अजून एकही नाही, आणि यंदा काका रिटायर होऊन नाशिकला निघालेत. जाण्याआधी एक तरी दिसावा, एवढंच त्यांचं मागणं.

*

एकदा पोलिसांची गाडी थांबली. दुर्बीण कुठे रोखलीय, असं एकाने दरडावून विचारलं. काकांनी "बत्ता", म्हणजे बदक, एवढंच सांगून दुर्बीण पुढे केली. पोलिसाने डोळा लावला तो काढेचना. त्या दिवशी आमची मोजणीच राहिली. पुढच्या शुक्रवारी साहेब पुन्हा हजर, साध्या कपड्यात, बायकापोरं घेऊन!

*

संशोधक बाईंना काकांनी एकदा जरा तिखटच मेल टाकली. तुम्ही तिकडे डोंगरात आमच्या चक्रवाकांचं करता तरी काय? नेमकी त्याच दिवशी बाईंचीही मेल आली. डोंगरातली तळी आटतायत, घरटी कमी होतायत, हे सगळं लिहून शेवटी अगदी नम्रपणे विचारलं होतं, की तुम्ही त्यांना खात तर नाही ना?

हमीदभाईंना ते फार लागलं. "मी रत्नागिरीचा माणूस. सुरमई सोडून बदकाला हात लावीन?"

*

माझी मुलगी सई इथेच वाढलेली. काकांनी तिला चक्रवाकाची कथा रंगवून सांगितली. दिवसभर जोडी एकत्र, रात्र झाली की नर एका तीरावर, मादी दुसऱ्या, आणि रात्रभर एकमेकांना हाका. कारखान्याचं शटडाउन असलं की मला नाइट लागते, हे सईला चांगलं ठाऊक. ती म्हणाली, "ओह, लाइक आई अँड बाबा ड्युरिंग शटडाउन."

*

काकूंचा या सगळ्यावर एकच शेरा. "तिकडे डोंगरात काय घटलं ते यांना कळतं. फ्रिजमधलं दूध संपलेलं कळत नाही."

*

काकांचा शेवटचा शुक्रवार जवळ आला तरी चक्रवाकाचा पत्ता नव्हता. काकांचा चेहरा आम्हाला बघवेना. हमीदभाईंच्या दुकानात पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची बदकं असतात. त्यातलं एक घेऊन आम्ही केशरी रंगवलं, डोकं फिकट ठेवलं, शेपटी काळी केली, आणि गुरुवारी संध्याकाळी तळ्याच्या पलीकडच्या काठाला, गवतापाशी दोरीने बांधून आलो. फसवणूकच ती. पण त्यांनी असं रिकाम्या हाताने नाशिकला जावं, हे आम्हा दोघांनाही सहन होत नव्हतं.

सकाळी काकांनी दुर्बीण लावली. नुसत्या डोळ्यांना तिकडे फक्त केशरी ठिपका दिसत होता. काका बराच वेळ हलले नाहीत. मग रुमालाने डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं.

"चक्रवाक," ते म्हणाले. "एक."

हमीदभाईंनी मला हळूच कोपर मारलं. मी मान वळवून हसू दाबलं.

"एकच लिही," दुर्बिणीवरून डोळा न काढता काका म्हणाले. "त्याच्या शेजारी तुमचं प्लास्टिकचं आहे, ते धरू नकोस."