शेवटच्या घावाआधी

लोणंदला आमच्या गल्लीत पंप दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं होती. तलवारबाजीचा एक गेम फक्त माझ्या कन्सोलवर चालतो, म्हणून ते दर रविवारी येतात. रिमोट धरण्याआधी तळवे दोनदा विजारीला पुसतात.

सहा रविवार हरल्यावर काल शेवटचा शत्रू एका घावावर आला. इतक्यात काकांनी त्याच्याकडे पाठ करून गेममधला आपला घोडा वळवला.

"आवं, वार करा! नायतर मरताय!" मी ओरडलो.

"घोड्याच्या तोंडाला फेस आलाय रं. आधी पाणी."

त्यांनी घोडा ओढ्यावर नेला. मागून तलवार आली. काका मेले.

मी हा गेम दोनदा जिंकलोय. त्यातला घोडा मान खाली घालून पाणी पितो, हे मला काल कळलं.