ओंजळीतला खरवस

कोल्हापुरात राहून दूध सोडणं म्हणजे स्वतःला शिक्षाच. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून फेसाळता ग्लास हातात देतात, तिथून मी कित्येक वर्षं मान खाली घालून जात आले. हे काविळीनं अत्यवस्थ होते, तेव्हा अंबाबाईपुढे बोलून गेले होते, ह्यांना वाचव, मी दुधाला शिवणार नाही. हे वाचले. तेव्हापासून माझा चहा कोरा, आणि माझ्याबरोबर हेही कोराच पीत आले.

यंदा बादली उचलताना पाठीत कळ आली आणि मणका दबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाच्या आत जाळी असते. पाळी गेली की ती भराभर विरळ होते. दुखत नाही, म्हणून मोडेपर्यंत कळतही नाही. औषध घ्या, उन्हात चाला, आणि दूध सुरू करा. खुबा मोडला तर अंथरूण धराल." घागरी, लेकरं, नातवंडं पेलून मुकाट झिजलेल्या त्या हाडांचं मला कौतुकच वाटलं. औषध सुरू केलं. पण दूध? नवस मोडला आणि ह्यांना काही झालं तर? ह्या भीतीनं दूध काही सुरू केलं नाही.

शेवटी पाठीला पट्टा बांधून देवीलाच विचारायला गेले. गर्दीत धड दर्शनही झालं नाही. रडवेली होऊन ओवरीत बसले. शेजारी राधानगरीकडची एक बाई डब्यातून खरवस वाटत होती. माझ्याहून थोरली, पण पाठ कशी ताठ. म्हैस व्याली की पहिला खरवस अंबाबाईला, मग घरात, अशी त्यांची रीत. तिनं माझ्यापुढेही वडी धरली.

"मी दूध सोडलंय, देवीसाठी," म्हणत मी हात मागं घेतला.

"व्हय? मग ह्यो निवद तिलाच दावलाय की. आता माझा न्हाय, तिचा हाय. तुमी तिच्यापायी सोडलासा, तीच माघारी देत्या. तिच्या दारात बसून न्हाय म्हणू नगासा."

मी ओंजळ पुढं केली. वेलदोड्याचा वास आला, वडी तोंडात विरघळली आणि डोळे भरून आले. एसटी चुकेल म्हणून ती झपाझप निघूनही गेली. त्या चालीकडे मी बघतच राहिले. नाव विचारायचं राहिलं. मनात आलं, दूध घे आणि नवरा दे, हा सौदा मी माझ्याच मनानं ठरवलेला. आई लेकराकडून कधी मोबदला घेते का? कळसाकडे बघून हात जोडले.

घरी हे दारात उभे, उशीर केला म्हणून चिडलेले, चांगले धडधाकट. म्हटलं, "चहा टाका, दूध घालून." ह्यांनी कोपऱ्यावरून पिशवी आणली, चहा उकळला, आणि दोन्ही कपांत दूध घातलं.