आधी बोलायचं नाही

मी किल्ल्या बनवतो आणि अडकलेली कुलपं उघडतो. धंदा बोटांचा, पण मला डोकं चालवायची भारी हौस, म्हणून नियम करत बसतो. रागावलेल्या माणसाचं कुलूप उघडायचं नाही, हा पहिला. तो मला एका बाईच्या छत्रीने शिकवला. तणतणत आलेल्या तिच्या नवऱ्याला मी तिचं कपाट उघडून दिलं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक तापलेलं दिसलं की मी त्याला स्टुलावर बसवतो, पाणी देतो आणि निवू देतो. शेजारी साक्षीला आल्याशिवाय परक्या घराचं दार उघडायचं नाही, हा त्यानंतरचा. असं करता करता इतके नियम झाले की गल्ली मला 'कायदेपंडित' म्हणायला लागली, आणि मी गाढव, ते कौतुक समजलो.

घरासाठी नियम एकच: भांडण झालं की आधी आपण बोलायचं नाही. यात काय शहाणपण होतं ते देव जाणे.

त्या आठवड्यातलं भांडण बायकोच्या नोकरीवरून झालं. तिला शिवणाच्या वर्गात शिकवायला बोलावलं होतं. एक दिवस शिकवून दाखवायचं, पटलं तर ठेवणार. जन्म घरच्या मशीनवर काढलेला, हात सोन्याचा. आणि मी काय म्हणावं? "या वयात कोण ठेवून घेणार तुला?" चेष्टेतच म्हणालो, पण माझ्या जिभेला हाड म्हणून नाही. ती गप्प झाली. नियमाप्रमाणे मीही गप्प. मिठाची गुळणी धरून दोघं समोरासमोर चहा पीत होतो.

जायच्या दिवशी सकाळी ती बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. पाण्याचा आवाज कधीच थांबला होता. मी येरझाऱ्या घातल्या, घसा खाकरला; ते बोलण्यात धरत नाहीत. कडी अडकली असणार, असं वाटलं आणि खरं सांगतो, आनंद झाला. आता कायदेपंडिताशिवाय हिचं पान हलणार नाही! धावत जाऊन हत्यारांची पेटी आणली. पण आतल्या माणसाला बाजूला व्हायला सांगितल्याशिवाय दाराला हत्यार लावायचं नाही, हाही माझाच नियम. म्हणजे बोलणं आलं. बराच वेळ पेचकस हातात धरून नुसता उभा राहिलो.

"बाजूला हो, कडी काढतो," शेवटी म्हणालो.

"कडी चांगली आहे," ती आतून रडक्या आवाजात म्हणाली. "माझेच हातपाय गळालेत. तुम्ही म्हणालात तसंच झालं तर?"

याच्यासाठी पेटीत एकही हत्यार नव्हतं. गिऱ्हाइकासारखा मीच स्टूल ओढून दारापुढे बसलो.

"अगं, मी म्हणालो ते आजवर कधी खरं झालंय का?"

मग मी एकेक उकरून काढायला लागलो. थोरली नापास होणार म्हणालो, ती वर्गात पहिली आली. फ्रीजला काही होत नाही म्हणालो, तो त्याच संध्याकाळी बंद पडला. जावई कंजूष वाटतो म्हणालो, नवा फ्रीज त्यानेच आणून दिला. जावयाचं ऐकून ती आतून हसली. कडी सरकली. तयार होऊनच बसली होती. डोळे पुसले, पिशवी उचलली आणि निघाली. आणि घाईत, सवयीने, घराला बाहेरून कडी घालून गेली.

कुलूपवाला घरात कोंडला! खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारता आली असती, पण गल्लीला तेवढंच हवं होतं. दुकान बंद राहिलं. दिवसभर शिळं खात दाराकडे बघत बसलो. तिला नाही ठेवलं, तर ते वाक्य जन्मभर आमच्या घरात राहणार, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली आणि कडी खाडकन निघाली. नियम गेला चुलीत. तिचं पाऊल आत पडायच्या आधी मीच बोललो.

"ठेवलं ना?"

"ठेवलं," ती म्हणाली. मग तिने कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि उंबऱ्यातच बसून हसत सुटली.