जवळजवळ सावली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या लालबागला कळलं असतं, म्हणून असेल — छे, ते कारण नव्हे. मला लाज वाटते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या चाळीत राहत नाही.

मला भारी शब्दांचा शौक. एकदा कुठेतरी ‘पेनम्ब्रा’ हा शब्द सापडला आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. लॅटिनमध्ये अम्ब्रा म्हणजे सावली, आणि पेनम्ब्रा म्हणजे जवळजवळ सावली — गडद सावलीच्या कडेला फिकट पट्टा असतो ना, तो. मग काय विचारता! साहेबांनी रजेचं धड हो-नाही सांगितलं नाही, की माझा अर्ज पेनम्ब्रात. मेव्हण्याचं लग्न जमत नव्हतं, तेही पेनम्ब्रात. लोक कंटाळले, मी नाही.

अशात छायाकल्प चंद्रग्रहण आलं. त्यात चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरतच नाही, नुसत्या पेनम्ब्रातून जातो. माझा शब्द, साक्षात आकाशात! हे ग्रहण पाळू नये असं पंचांगात होतं, तरी मी संध्याकाळी सगळी चाळ गच्चीवर गोळा केली. राणेकाकूंनी भेळ केली. चंद्र वर आला — गोल, स्वच्छ, कालच्यासारखाच. या ग्रहणात साध्या डोळ्यांना फरक जवळपास कळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण एवढी माणसं जमवून आता ते सांगायचं कसं?

मी बोट दाखवलं. डाव्या कडेला बघा, धुरकट! आधी राणेकाकूंना दिसलं. मग पोरांना. मग सगळ्यांनाच दिसायला लागलं, काहींना तर उजवीकडेही. मला हसू आवरेना.

गप्प होते फक्त परबकाका. तळमजल्यावरचे परबकाका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे काकांचेच — श्वास रोखून, एका रेघेत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “माका कायच दिसणा नाय रे. तुका खराच दिसता?”

आता बघा — तेव्हा सांगता आलं असतं. एकाच माणसाला, कानात. माझी काय अब्रू जाणार होती?

“स्पष्ट दिसतंय, काका,” मी म्हणालो.

त्या वर्षी काकांनी डोळे आखायला नकार दिला. डॉक्टरांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं, तक्त्यावरची शेवटची ओळ काकांनी घडाघडा वाचली. पण ते हटून बसले, म्हणाले, सगळ्या चाळीला दिसलं ते मला दिसलं नाही, मी बाप्पाचे डोळे बिघडवणार नाही! ब्रश त्यांनी मुलीच्या हातात दिला. आणि मी? ही काही पुरती थाप नव्हे, जवळजवळ थाप — अशी मनाची समजूत घालत राहिलो. ग्रहण तर होतंच ना आकाशात? लाडक्या शब्दाला मी काय कामाला लावलं बघा.

काका मजेत आहेत. कारखान्यात खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवतात, चहा पाजतात. म्हणून माझी लाज काही कमी होत नाही. दर वर्षी मूर्ती घरोघर जायच्या आधी ते मला बोलावून घेतात, हात धरून मूर्तीपुढे उभं करतात. माझी नजर बारीक, मला ती सावली दिसली होती — हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात.

यंदाही बोलावलं. मूर्तीकडे बघत म्हणाले, “डावो डोळो वायच वर गेलोसो वाटता. पण माझ्या नजरेचा काय खरा!”

मी वाकून पाहिलं. मला दोन्ही डोळे अगदी सारखे दिसत होते. एवढ्यात त्यांची मुलगी आली, दोन पावलं मागे सरून तिने पाहिलं, आणि डावा डोळा पुसायला घेतला.

काका माझ्याकडे वळले. “तुका दिसला होता मां?”

“स्पष्ट,” मी म्हणालो.