दम्मामचा सामना आणि आमचे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतकं पोरांच्या जागतिक फुटबॉलचं वेड साऱ्या मराठवाड्यात कुणाला नसेल, आणि आयुष्यात चेंडूला पाय न लावता ते जपणारा दुसरा माणूस तर बहुधा पृथ्वीवरच नसेल. कंधारला त्यांचं कापडाचं दुकान. मोठ्यांच्या विश्वचषकाला ते विचारत नसत. "मोठी माणसं मुरलेली असतात हो. खरा खेळ वीस वर्षांच्या आतल्या पोरांचा. आपण हरलो, हे त्यांना लवकर समजतच न्हाई," असं कापड मोजता मोजता म्हणायचे. रेडिओ ऐकून, रद्दीतली वर्तमानपत्रं चाळून त्यांनी या स्पर्धेचा सगळा इतिहास गोळा केला होता. पहिली ट्युनिशियात, ती रशियाच्या पोरांनी पेनल्टीवर मारली. दुसरी जपानात, ती अर्जेंटिनानं नेली. गिऱ्हाईक खण मागायला यायचं आणि चिलीपर्यंत जाऊन परतायचं. मेहुण्याच्या लग्नात आहेरावरून रुसलेल्या मंडळींना त्यांनी एवढासा कतार देश अंतिम सामन्यात कसा पोचला ते सांगायला घेतलं, तेव्हा हे ऐकण्यापेक्षा जेवलेलं बरं म्हणून सगळे मुकाट पंगतीला बसले.

मी राहायला शिरूर अनंतपाळला, आणि माझी वैशाली बारावीसाठी लातूरला. त्याच वर्षी भूकंप झाला. भिंती हलल्या, माणसं हलली. हलले नाहीत ते फक्त क्लासेस. पत्र्याच्या शेडमध्ये ते पुन्हा गच्च भरले. वैशाली शेडमध्ये गुमान शिकायची, पण स्लॅबखाली म्हणून बसायची नाही. जेवणसुद्धा अंगणात. बोर्डाचा पेपर काही शेडमध्ये होणार नव्हता. केंद्र चांगलं दुमजली होतं. पोरीचं वर्ष जाणार, या धास्तीनं माझीच झोप उडाली.

तिच्यावर एकच औषध लागू पडायचं: साडूभाऊंचा सौदी अरेबियातल्या दम्मामचा सामना. रशिया चार गोलांनी पुढं, प्रेक्षक उठून चाललेले, आणि नायजेरियाची पोरं एकेक करून चारही फेडतात, वर पेनल्टीवर जिंकतात. ऐकता ऐकता ती घरात शिरायची आणि आपण छताखाली आलो हे तिला मागाहून कळायचं. म्हणून ठरलं, की पेपरच्या दिवशी साडूभाऊंनी कंधारहून यायचं आणि बोलत बोलत तिला वर्गापर्यंत न्यायचं.

नेमकी बस रखडली. मग मीच पुढं झालो. शंभरदा कानावर पडलेली गोष्ट, तिला काय लागतं, असं वाटलं. चार गोल होईपर्यंत बरा चाललो होतो. पुढं पहिला गोल कुणी फेडला तेच आठवेना, आणि घाबरून मी रशियाकडून पाचवा गोल मारून घेतला. वैशाली केंद्राच्या पायरीवर बसली. "बाबा, मला न्हाई जायचं आत."

तेवढ्यात साडूभाऊ धापा टाकत आले. मी काय दिवे लावले ते ऐकून तिला म्हणाले, "तुझा बाप इथं बसून रशियाला जिंकवून राहिला. ऊठ माय, पाचवा गोल झालाच न्हाई." बोलत बोलत ते तिला वर्गाच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि चार-तीनवर थांबले. "चौथा गोल पेपर झाल्यावर." तिला तो तोंडपाठ होता. तरी ती मान हलवून आत गेली.

साडूभाऊ इमारतीच्या मागं, तिच्या खिडकीखाली भिंतीला तळहात लावून उभे राहिले. परीक्षेच्या दिवसांत तिथं उभ्या माणसाचा धंदा एकच, कॉप्या पुरवण्याचा. हवालदारानं येऊन पिशवी उलटीपालटी केली, कापडाचे नमुने तेवढे निघाले. हे काय चाललंय म्हणून त्यानं दरडावलं, तशी साडूभाऊंनी ट्युनिशियापासून सुरुवात केली. मेक्सिकोच्या आसपास हवालदार आपणहून निघून गेला.

"अहो, पण हात कशाला?" मी विचारलं.

"जरा हललं तर पोरीच्या आधी मला कळावं म्हणून."

घंटा झाली. वैशाली बोटांना शाई लावून बाहेर आली आणि म्हणाली, छताकडं बघायचं ध्यानातच न्हाई राहिलं. तिच्याच पायरीवर मी मटकन बसलो. साडूभाऊंनी हाताला लागलेला चुना धोतराला पुसला.

पुढच्या पेपरला येऊ नका, मी जाईन, असं तिनंच त्यांना सांगितलं. तरी ते आले. लांब चहाच्या टपरीशी उभे राहिले. ती तरातरा आत गेली, मागं वळूनही न बघता. टपरीवाल्यानं कुठून आलात म्हणून विचारलं. एरवी ट्युनिशियाला निघाले असते. त्या दिवशी नुसतं "कंधार" म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत खिडकीकडं बघत राहिले.