दौरा आला

राज्याची फेररचना झाली आणि माझी बदली साताऱ्याकडून थेट चांदा जिल्ह्यात, मूल-नागभीडच्या धानपट्ट्यातल्या एका दवाखान्यात झाली. डॉक्टर रोगी तपासत, बाकीचा सगळा कारभार माझ्याकडे. दवाखान्याचा कारभारी दिवसभर करतो काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की तो वरून आलेल्या पत्रांना उत्तरं देतो. हिवतापावरचं कुनैन मागवायचं तर अर्ज तीन प्रतींत, आलं नाही म्हणून स्मरणपत्र, आलं की पोच. रोगी माझ्या टेबलावरूनच आत जात, पण त्यांची तोंडं मी क्वचितच पाहिली.

त्यात पुन्हा दौरा. जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर निघाले की आमचं धाबं दणाणायचं. न कळवता एखाद्या गावात उतरायचं आणि तिथे डॉक्टरांना वह्यांसकट बोलावून घ्यायचं, ही त्यांची खोड. मागच्या खेपेला अर्धवट वह्यांवरून माझी चांगलीच खरडपट्टी निघाली होती.

एका सकाळी एक तरुण शेतकरी टेबलापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, “साहेब, आमच्या इथी दौरा आला जी. डाक्टरसाहेबाले घेऊन चाला.”

त्या मुलखात आकडीला दौरा म्हणतात. त्याच्या बायकोला नववा महिना होता आणि पहाटेपासून तिला आकड्या येत होत्या. पण परक्यासमोर बायकोचा विषय काढायचा नाही ही रीत, म्हणून त्याने तो काढला नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, किती वेळ राहील? तो म्हणाला, सांगता येत नाही. साहेबांच्या स्वभावाला ते धरूनच होतं.

त्याला व्हरांड्यात बसवलं, साहेब आल्याचा निरोप डॉक्टरांना दिला आणि कामाला लागलो. रोग्यांची वही पुरी केली, मागणीपत्रांच्या प्रती लावल्या, राहिलेलं तिमाही पत्रक लिहून काढलं. तो दोनदा दाराशी आला. कागद पुरे झाल्याशिवाय निघता येत नाही, असं मी दोन्ही वेळा सांगितलं आणि तो निमूटपणे परत जाऊन बसला.

निघालो तेव्हा दुपार कलली होती. बैलगाडी त्याचीच. तो बैलांना मारून पळवत होता आणि मागे डॉक्टर राहिलेल्या सह्या उरकत होते. साहेबांसाठी एवढी घाई करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गावात साहेबांची जीप दिसली नाही. त्याच्या अंगणात बायका बसल्या होत्या, आतून रडणं ऐकू येत होतं. डॉक्टर आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. बाई गेली होती, पोटातलं मूलही. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं. एका म्हातारीने सांगितलं, पहिला दौरा पहाटेच आला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

आम्ही परत निघालो तेव्हा तो गाडी जुंपायला उठला. मी नको म्हटलं. मग त्याने माझ्या काखेतला वह्यांचा गठ्ठा घेतला आणि गावाबाहेरपर्यंत आणून दिला.

“सकाळपासून आमच्यासाठी लिहून राह्यले होते,” तो म्हणाला. “तुमाले लय तरास झाला जी.”

मी मान हलवली आणि गठ्ठा घेतला. खरं सांगायची छाती झाली नाही, त्याची शरम अजून वाटते.